धोटा

दरवर्षी उत्तम शुक्रवारी पिलात मीच वाचतो.
आवाज भरदार आहे म्हणून पाळकबाईंनी
अठरा वर्षांपूर्वी दिला तो पाठ, आणि माझ्याकडेच राहिला.
स्टुलावर पितळी घंगाळ,
शेजारी आमच्याच कारखान्यातला टॉवेल,
दुसऱ्या प्रतीचा, काठाला सूत सुटलेला.
वाचायचं, हात धुवायचे, पुसायचे,
जागेवर येऊन बसायचं.
सोपं काम आहे.

यंदा हात बुडवले
आणि पाण्यावर तेलाचा तवंग आला.
कुणाला दिसला नाही.
सुलभाला दिसला असेल, पहिल्या बाकावरून.
पण घरी येऊन तिनं फक्त विचारलं,
सरबतात मीठ घालू का.

अक्कलकोट रोडला, अकरा नंबरच्या मागावर
धोट्याची जाळी मी काढली होती.
मालाची घाई होती, तार तुटली की
जाळीखाली हात घालून जोडायला वेळ जातो,
पाना माझ्या खिशात होता. इतकंच.
तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला धोटा उडाला.
अंबादास गाजूल, वय तेवीस, डावा डोळा.
मालकानं विचारलं, कसं झालं?
मी म्हणालो, पोराला डुलकी लागली.
डुलकीला भरपाई नसते.
सिव्हिलच्या खाटेवर, पट्टीच्या आतून,
अंबादासही म्हणाला, डुलकी लागली, मालक.
मला वाटलं, घाबरला.

शुक्रवारनंतर शनिवार येतो.
त्या दिवशी शास्त्रात काहीच घडत नाही,
दगड लावलेला आणि बाहेर पहारा.
गच्चीवर फरशी रात्री दोनपर्यंत तापलेली होती.
चार वाजता प्रभातफेरी आमच्या बोळात शिरली,
पेटी, ढोलकी, पोरांच्या हातात मेणबत्त्या,
तो उठला आहे, तो उठला आहे.
मी दोन चौकांपर्यंत गायलो.
मग चपलेचा अंगठा तुटल्याचं सांगून मागे राहिलो
आणि स्कूटर विडी घरकुलाकडे वळवली.

राजव्वा दारातच बसली होती, मांडीवर सूप,
पानं कापत. दिव्याला अजून पाखरं होती.
मी उभ्यानंच सांगितलं, जाळी मी काढली.
कात्री थांबली नाही.
"ठाऊक आहे की.
त्यानं बघितलं होतं तुमच्या हातात पाना."
मग का नाही...
"मामांची पोरगी नर्सिंगला आहे म्हणाला, शेवटचं वर्ष.
जॉबरकी गेली तर फी कोण भरणार म्हणाला.
डोळा तर गेलाच आहे, म्हणाला."

सोळा वर्षं मी पोरांना उचल देतो,
कुणाच्या नावावर किती, वहीत लिहितो.
माझ्या खोट्याची उचल
त्यानं आपल्या नावावर घेतली होती
आणि ती माझ्या वहीत नव्हती.

राजव्वानं तांब्या पुढे केला.
सवयीनं मी दोन्ही हात पसरले,
बोटं खाली, धुवायला.
"प्यायचं आहे ते," ती म्हणाली.
"त्यानं माफ केलं असेल. मी नाही केलं अजून.
पाणी प्या. मग मालकाकडे जा."
पाण्याला तंबाखूचा वास होता.
मी सगळं प्यायलो.
आत अंबादास भिंतीकडे तोंड करून झोपला होता,
किंवा नव्हता.

आठच्या उपासनेत बाईंनी रिकाम्या कबरेचं वाचलं.
डोक्याचा रुमाल वेगळा, घडी करून ठेवलेला.
दरवर्षी तिथं माझं लक्ष जातं, धंदाच तो.
मरणातून निघताना कुणी घडी घालतं?
वाटायचं, टापटीप असेल स्वभावात.
यंदा वाटलं, कामगार माणूस.
आपल्यामागे दुसऱ्याला आवरायला नको म्हणून.
बरोबर असेल की नाही, बाईंना विचारलं नाही.
सुलभाला मात्र सांगितलं, सगळं, जेवणाआधी.
तिनं ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

सोमवारी मी सहालाच गेलो.
अकरा नंबरला जाळी बसवली, मग बाराला, मग तेराला.
बाराचा नटही मीच कधीतरी ढिला केला होता,
ते तिथं पोहोचल्यावर आठवलं.
फाटकात मालकाची गाडी वळली
तेव्हा कोपरापर्यंत तेल होतं.
खुंटीला टॉवेल होता.
तसाच गेलो.